दोन मजले बुडालेली संस्था

१

“पृथ्वी हादरली, आकाश कोसळलं, तरी या संस्थेचा पाया तसूभर हलणार नाही,” असं संस्थाध्यक्ष केयूरराव पागे यांनी माइकवरून जाहीर केलं, लाल बटण दाबलं, आणि संस्था दोन मजले खाली गेली.

खरी संस्था मनीषनगरच्या पुढे होती तिथेच होती. गेली ती तिची प्रतिकृती. चार मजले, वर पितळी घुमट, आणि हे सगळं एका काचेच्या टाकीत, ओल्या रेतीवर उभं. टाकी होती भूकंपाच्या टेबलावर, म्हणजे बटण दाबलं की गदागदा हलणाऱ्या एका लोखंडी पाटावर. कार्यक्रमापुरतं ते प्रयोगशाळेतून सभागृहात आणलं होतं. नागपुरात भूकंप सहसा फिरकत नाही. त्यामुळे हे यंत्र आणणं संस्थेला फार सुरक्षित वाटलं होतं.

टेबलावर टाक्या दोन होत्या. डावीकडे कन्हान नदीची जाड रेती, तिच्यावर केयूररावांची संस्था, भोवती हिरवीगार हिरवळ, पांढरे रस्ते, चिमुकलं फाटक. उजवीकडे बारीक, पिठूळ रेती आणि तिच्यावर एक करडा, बोडका ठोकळा. ठोकळ्यावर नाव नव्हतं, पण सभागृहातल्या शेवटच्या खुर्चीलाही तो ओळखता येत होता. केयूररावांचे धाकटे बंधू संजीवराव यांनी भांडून वेगळं होऊन काढलेली ती दुसरी संस्था. ठरलं असं होतं, की जाड रेतीवरची थोरली ताठ उभी राहील आणि बारीक रेतीवरची धाकटी बुडेल. शास्त्रही तेच सांगतं. म्हणून तर शास्त्राला त्या दिवशी व्यासपीठावर जागा मिळाली होती.

झालं उलटं. ठोकळा जागचा हलला नाही. थोरली संस्था मात्र हिरवळ फाडून खाली गेली, आणि पोहता न येणाऱ्या माणसासारखी मान वर काढून थांबली. पहिल्या रांगेतून संजीवरावांनी टाळ्या वाजवल्या. एकट्यानेच, पण मनापासून.

तिसऱ्या रांगेत जागेश्वर निनावे बसले होते. सरकारी न्यायवैद्यक प्रयोगशाळेत त्यांनी उभी नोकरी चोरांच्या चपलांना लागलेली माती तपासण्यात घालवली होती. चपला आणि माती यांबद्दल त्यांचं मत चांगलं होतं. चपलांमधल्या माणसांबद्दल नव्हतं. निवृत्तीनंतर ते हुडकेश्वरला राहत आणि निमंत्रणपत्रिकेत ‘भोजन’ असा शब्द असेल तरच बाहेर पडत.

ते घुमटाकडे बघत असतानाच माइकवरून केयूररावांचा आवाज आला. “दारं बंद करा. हा घातपात आहे.”

२

दारं बंद झाली, पण जेवण सभागृहाच्या बाहेर असल्यामुळे ती लगेच उघडावी लागली.

जागेश्वर दुसरी जिलबी घेत असताना केयूरराव त्यांच्याजवळ आले. “निनावेजी, तुम्ही सरकारी तज्ज्ञ. मी एक सत्यशोधन समिती नेमली आहे. समिती म्हणजे तुम्हीच.”

“सत्य काय आहे?” जागेश्वरांनी विचारलं.

“ते मला माहीत आहे. तुम्ही फक्त ते शोधायचं.”

नोकरीत साहेब लोक त्यांच्याकडे मातीची पुडी आणि निकाल एकत्रच पाठवायचे. त्यामुळे जागेश्वरांना यात नवीन काही वाटलं नाही. त्यांनी जिलबी संपवली.

केयूररावांचं सत्य असं होतं: भैरवी पौनीकर नावाची एक मुलगी संस्थेत डॉक्टरेट करत होती. विषय हाच, की हादरा बसला की रेती कशी वागते आणि दाण्याच्या आकारमानाने त्यात काय फरक पडतो. टाक्या तिनेच भरल्या होत्या. तेव्हा रेतीची अदलाबदलही तिनेच केली. निमंत्रणपत्रिकेत तिच्या जागी तिच्या मार्गदर्शकाचं नाव छापलं, याचा तिला राग होता.

“आणि तिने केली नसेल तर?”

“तर तिचं संशोधन खोटं. माझी संस्था चांगल्या रेतीवर बुडूच कशी शकते?” केयूररावांनी रुमालाने कपाळ पुसलं. “प्रबंध विद्यापीठात द्यायची शेवटची तारीख सोमवार. माझ्या सहीशिवाय तो जाणार नाही. आणि माझी सही तुमच्या अहवालाशिवाय होणार नाही.”

म्हणजे मुलगी लबाड ठरली तरी गेली, आणि मूर्ख ठरली तरी गेली. जागेश्वरांनी मनातल्या मनात या माणसाला शंभरपैकी काही गुण दिले. ते फार नव्हते.

“मुलगी कुठे आहे?”

केयूररावांनी प्रवेशद्वाराकडे बोट दाखवलं. तिथे नऊवारी नेसलेली, नाकात नथ घातलेली एक मुलगी औक्षणाचं ताट मांडीवर घेऊन पायरीवर बसली होती. ताटातलं निरांजन विझलं होतं, आणि ती त्यातल्या तांदळांचे दाणे बोटाने जाड-बारीक असे वेगळे करत होती.

३

“काका, मी बदलली नाही रेती,” भैरवी म्हणाली. “मी तर सकाळपासून इथंच उभी आहे. पाहुणे आले की ओवाळायचं. आत जायचंच नाही म्हणून सांगितलं होतं.”

“प्रयोग तुझा, आणि तू बाहेर?”

“पागे सर म्हणाले, प्रयोग काय, परिचर ओमप्रकाशही बटण दाखवू शकते. पण ओवाळायले संस्थेत दुसरी नऊवारी नाही.”

जागेश्वर तिच्याशेजारी पायरीवर बसले. “मले समजाव. मी चपलांच्या मातीतला माणूस आहे.”

तिने ताट बाजूला ठेवलं. “दाण्यांच्या फटींमध्ये पाणी असते. हादरा बसला की दाणे जवळ येऊ पाहतात आणि ते पाणी दाबल्या जाते. जाड रेतीत फटी मोठ्या, पाणी झटकन वर निघून जाते, रेती पुन्हा घट्ट. बारीक रेतीत वाटा अरुंद. पाणी अडकते, दाण्यांना एकमेकांपासून सोडवते. मग रेती रेती राहत नाही, ताक होते. तिच्यावर जे उभं असेल ते बुडते.” ती थांबली. “तीन वर्षं मी हेच करून राहिली. एकदाही उलटं झालं नाही.”

“आजच झालं.”

“हो. आणि उमरेडहून माझे बाबा खास पाहायले आले होते. मागच्या रांगेत उभे होते. मले फक्त म्हणाले, परत घरी येतेस काय.”

हे तिने रडून सांगितलं असतं तर जागेश्वरांनी मान फिरवली असती. ती तांदूळ निवडत म्हणाली, म्हणून ते उठले.

“चाळण्या कुठं आहेत तुमच्या?”

प्रयोगशाळेत चाळण्यांचा एक संच होता. एकावर एक बसणाऱ्या, वरची सर्वांत जाड, खालची सर्वांत बारीक, मैद्यासारखी भुकटीच तेवढी सोडणारी. बाकीच्या सगळ्या सर्व्हिसिंगला पाठवलेल्या, म्हणजे कुठे आहेत ते कोणालाच माहीत नव्हतं. ती सर्वांत खालची तेवढी कपाटात होती. निनाव्यांच्या घरी दोन पिढ्यांमागे हातमाग होता. जाळीचं काही हातात आलं की उजेडाकडे धरून बघायचं, हे त्यांच्यात घराण्याने उतरलेलं होतं. त्यांनी ती खिडकीकडे धरली.

जाळीच्या तारांमध्ये हिरवट काहीतरी अडकलं होतं.

रेती हिरवी नसते, एवढं त्यांना नोकरीतून नक्की माहीत होतं.

४

रविवारी सकाळी जागेश्वर घरातून निघाले ते हातात पिशवी घेऊन. पिशवीत पत्नी कुसुमावतीबाईंची रव्याची चाळणी होती. ती त्यांनी विचारून घेतली नव्हती. विचारली असती तर मिळाली नसती, हे सत्य शोधायला समितीची गरज नव्हती.

प्रयोगशाळेत ओमप्रकाश नावाचा परिचर कुलूप उघडायला हजर होता. केयूररावांचं नाव घेताना तो कमरेत थोडा वाकायचा, केयूरराव शहराबाहेर असले तरी.

बुडालेल्या संस्थेच्या टाकीतून, हिरव्या चिखलाच्या खालून, जागेश्वरांनी मूठभर रेती काढली, वाळवली आणि चाळणीत घातली. बहुतेक सगळी चाळणीवर राहिली. उजव्या टाकीतली रेती घातली, ती सरसर खाली गेली.

म्हणजे डावीकडे जाडच होती आणि उजवीकडे बारीकच. अदलाबदल झालीच नव्हती. मुलगी लबाड नव्हती.

“मंग ती मूर्ख असंल,” ओमप्रकाश मदत म्हणून बोलला.

जागेश्वरांनी त्याच्याकडे बघितलं नाही. ते उजव्या टाकीच्या काचेकडे बघत होते. काचेच्या आतून रेतीची एक पुसट रेघ उमटली होती. टाकी भरली तेव्हा रेती तिथपर्यंत होती. आता ती त्या रेघेच्या चार बोटं खाली बसली होती.

“ओमप्रकाश, इथली रेती कोणी काढून नेली काय?”

“नाही जी. रेती कोण नेईल? फुकटात घाटावर मिळते.”

“मग खाली कशी गेली?”

ओमप्रकाश दाराकडे बघून हसला. हसू ज्याच्याबद्दल होतं तो दारात नाही, याची खात्री झाल्यावर म्हणाला, “साहेब, एक गोष्ट सांगू? कोणाले सांगू नोका.”

५

गोष्ट अशी होती. टाक्या भरून झाल्याच्या दिवसापासून केयूरराव रोज संध्याकाळी प्रयोगशाळेत येत. थोरल्या टाकीचा खटका सोडवून ठेवत, म्हणजे ती हलायची नाही, आणि धाकट्या टाकीला हादरा देत. भावाची संस्था बुडे. केयूरराव पोटभर हसत. ओमप्रकाश ठोकळा उपसून, वर आलेलं पाणी फडक्याने टिपून, पुन्हा जागेवर ठेवी. मग पुन्हा हादरा.

“रोज?”

“रोज. येईल त्याले दाखवायचे. केटरिंगवाला आला, त्याले दाखवलं. कुरिअरवाल्याले दाखवलं. व्याह्यांना तं दोनदा. शेवटी शेवटी ते थोडंसंच बुडे, पण साहेब खुश होते, तं आम्हीही टाळ्या वाजवायचो.”

“आणि या मुलीले माहीत होतं हे?”

“तिले कायले सांगायचं? ती म्हणली असती, करू नोका.”

जागेश्वरांनी हात धुतले. ते प्राध्यापकांकडे गेले.

प्रा. उन्मेष काळीकर हे भैरवीचे मार्गदर्शक. तिच्या प्रत्येक शोधनिबंधावर त्यांचं नाव पहिलं असे, कारण निबंध छापायला पाठवायचं काम ते स्वतः करत. जागेश्वरांनी त्यांना विचारलं, “काल सकाळी तुम्ही आत होता. डाव्या टाकीत काही वेगळं दिसलं?”

“सुंदर दिसत होती,” काळीकर म्हणाले.

“आणखी?”

काळीकरांनी चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा लावला. मधल्या वेळात त्यांना काही दिसत नव्हतं, आणि ते त्यांना सोयीचं होतं. “हे बघा निनावे साहेब, ती हिरवळ मॅडमनी केली होती. त्यावर मी काय बोलणार? माझं प्रमोशन आहे.”

“बोलण्यासारखं होतं म्हणजे.”

“मी तसं म्हणालो नाही. मी सुंदर म्हणालो.”

मॅडम म्हणजे केयूररावांच्या पत्नी चारुलताबाई. त्या बंगल्यावर भेटल्या, आणि आनंदाने भेटल्या, कारण हिरवळीबद्दल अजून कोणीच विचारलं नव्हतं.

“ती बाजारची नव्हे हं,” त्या म्हणाल्या. “प्लास्टिकची असते ना, ती मला आवडत नाही. शुक्रवारी रात्री स्वतः घातली. रांगोळीची भुकटी आणि हिरवा रंग. ओमप्रकाशने त्या मशीनच्या चाळणीतून गाळून दिली, अगदी पावडरसारखी मऊ. एक वीतही जागा उघडी सोडली नाही. सगळीकडे बोटाने दाबून बसवली, आणि पंख्याने उडू नये म्हणून वरून गोंदाचं पाणी शिंपडलं. अशी छान बसली, जसं काही ऑइलक्लॉथ.”

“ऑइलक्लॉथ,” जागेश्वर म्हणाले.

“पाण्याचा थेंबसुद्धा वर आला नाही.”

जागेश्वरांनी चहा अर्धा ठेवला आणि उठले. दारात थांबून त्यांनी विचारलं, “आणि धाकट्या भाऊजींच्या टाकीत हिरवळ काहून नाही केली?”

चारुलताबाईंनी त्यांच्याकडे असं बघितलं की जणू त्यांनी सापाला दूध पाजायला सांगितलं होतं.

६

सोमवारी सकाळी प्रयोगशाळेत सगळे जमले. केयूरराव, चारुलताबाई, काळीकर, ओमप्रकाश. भैरवी प्रबंधाचा गठ्ठा छातीशी धरून भिंतीशी उभी होती. आज साधा ड्रेस होता, नथ नव्हती. रविवारी दुपारभर तिने जागेश्वरांच्या सांगण्यावरून दोन्ही टाक्या रिकाम्या करून पुन्हा भरल्या होत्या. दोन्हीत कन्हानची तीच जाड रेती, तेवढंच पाणी, तशीच सैल. फरक एकच. डाव्या टाकीवर ओमप्रकाशने मॅडमच्या कृतीने हिरवळ घातली होती. उजवी उघडी.

“प्रतिकृतीच्या वजनाचं काहीतरी पाहिजे,” जागेश्वर म्हणाले. “एकसारख्या दोन वस्तू.”

केयूररावांच्या केबिनमध्ये ‘शिक्षणरत्न’ असं कोरलेले पितळी पुरस्कार रांगेने मांडलेले होते. सगळे एकाच दुकानातले, त्यामुळे एकसारख्या दोन वस्तू मिळायला वेळ लागला नाही. एक हिरवळीवर ठेवला, एक उघड्या रेतीवर.

“अध्यक्ष महोदयांनीच बटण दाबावं.”

केयूररावांनी दाबलं. टेबल थरथरलं. उघड्या रेतीवर क्षणभर पाणी पाझरून आलं, आणि त्यात शिक्षणरत्न ताठ उभं राहिलं. हिरवळीवर काही पाझरलं नाही. ती आधी पापडासारखी फुगली, मग पुरस्काराच्या कडेने फाटली, आणि दुसरं शिक्षणरत्न गुडुप असा आवाज करून त्यात गेलं. फक्त ‘त्न’ वर राहिला.

“माझी हिरवळ,” चारुलताबाई म्हणाल्या.

“हो, तुमची हिरवळ,” जागेश्वर म्हणाले. “जाड रेती चांगली कशामुळे? तिच्यातलं पाणी पटकन बाहेर पडतं म्हणून. दाण्याचा आकार म्हणजे शेवटी पाण्याची वाट. ती वाट तुम्ही पिठासारख्या भुकटीने आणि गोंदाने बुजवली. मग जाड रेती असून नसून सारखीच. पाणी आत कोंडलं, रेतीचं ताक झालं. पोरीचं शास्त्र बरोबर होतं. तुम्ही वरून झाकण लावलं.”

“आणि तो संज्याचा ठोकळा?” केयूरराव म्हणाले. “तो बारीक रेतीत होता. तो काहून नाही बुडाला?” रागात त्यांची पुस्तकी भाषा सुटली, आणि ते पहिल्यांदाच माणसासारखे बोलले.

“तो तुम्ही वाचवला. पोत्यात ज्वारी भरताना पोतं आपटतात, तेव्हा ज्वारी खाली बसते नं? तुम्ही रोज संध्याकाळी हेच केलं. दरवेळी दाणे थोडे अजून घट्ट बसले, वरचं पाणी ओमप्रकाशने फडक्याने काढलं. भावाची संस्था इतक्या वेळा बुडवली, की शेवटी तिच्याखाली फरसबंदी झाली. काचेवर रेघ आहे, रेती चार बोटं दबलेली. सगळ्या नागपुरात त्या संस्थेचा पाया कोणी पक्का केला असेल तर तो तुम्ही.”

ओमप्रकाश वाकावं की नाही, याचा विचार करत होता. काळीकर खिडकीबाहेर बघत होते.

“काळीकर सरांना हिरवळीचं शनिवारी सकाळीच कळलं होतं,” जागेश्वर पुढे म्हणाले. “ते हाच धडा शिकवतात. पण त्यांना ते सुंदर दिसलं. ज्या एका व्यक्तीने पाहताक्षणी हिरवळ खरवडून टाकली असती, तिला तुम्ही दारात निरांजन देऊन उभं केलं.”

केयूररावांचा चेहरा आधी लाल झाला, मग घुमटासारखा पिवळा. भैरवीने गठ्ठा आणखी घट्ट धरला. जागेश्वरांना माणसं ठाऊक होती. आपली चूक समजलेला साहेब सही करत नाही, तो समितीच बरखास्त करतो. म्हणून त्यांनी खिशातून दुमडलेला कागद काढला.

“अहवाल दोन प्रकारे लिहिता येतो. एक म्हणजे मुलीचं संशोधन खोटं. तसं लिहिलं तर तुमची संस्था उत्तम रेतीवर आपोआप बुडाली असा अर्थ होतो, आणि संजीवराव ते छापून आणतील. दुसरा म्हणजे संशोधन खरं, आणि ते जाहीर सभेत, दोन्ही बाजूंनी, अध्यक्षांनी स्वतःच्या हाताने सिद्ध करून दाखवलं.”

केयूररावांनी हिरवळीतून वर राहिलेल्या ‘त्न’कडे बघितलं.

“म्हणजे प्रयोग मीच सिद्ध केला?”

“तुम्हीच.”

“मला शनिवारीच शंका आली होती,” केयूरराव हळूहळू म्हणाले, आणि त्यांची पुस्तकी भाषा परत आली. “एक विचारू का? ती धाकटी रेती ढवळून पुन्हा सैल केली, तर ठोकळा बुडेल ना?”

“बुडेल.”

“भैरवी,” केयूरराव म्हणाले, “सही कुठे करायची?”

तिने गठ्ठा टेबलावर ठेवला. सही झाली. शाई वाळायच्या आत ती दाराबाहेर होती. फाटकाशी तिचे बाबा उभे होते. उमरेडला परत गेलेच नव्हते. दोघं रिक्षात बसली आणि विद्यापीठाकडे गेली. जागेश्वर खिडकीतून रिक्षा दिसेनाशी होईपर्यंत बघत राहिले. नोकरीत त्यांनी कोणाला सुटताना असं फारसं बघितलं नव्हतं. त्यांनी तपासलेल्या चपला माणसं अडकवायच्याच कामाला आलेल्या.

आत सगळं सुरळीत सुरू झालं होतं. काळीकर ‘हिरवळ-परिणाम’ या विषयावर अध्यक्षांसोबत संयुक्त शोधनिबंध सुचवत होते. चारुलताबाई विचारत होत्या, की त्यात त्यांचं नाव पहिलं येईल का. ओमप्रकाश शाल आणि नारळ घेऊन धावत आला. केयूररावांनी माइक मागवला, खोलीत पाच माणसं होती तरी, आणि विज्ञान, सत्य आणि संस्था यांच्या अतूट नात्यावर ते बोलले. शाल जागेश्वरांच्या खांद्यावर पडली. “आता सत्यशोधन समितीने दोन शब्द बोलावेत,” केयूरराव म्हणाले आणि माइक पुढे केला.

जागेश्वरांच्या खिशात फोन वाजला. त्यांनी तो कानाला लावला. माइक तोंडापाशी असल्यामुळे कुसुमावतीबाईंचा आवाज सगळ्यांनी ऐकला.

“काय जी, चाळणी तुम्ही नेली काय? मी सकाळपासून सारं घर पालथं घालून राहिली. पाहुणे यायचे आहेत, शिरा करायचा आहे. काहून नेली?”

जागेश्वरांनी फोन खिशात ठेवला. त्यांनी टेबलावरची चाळणी उचलली, उजेडाकडे धरली. जाळीत कन्हानचे दाणे गच्च बसले होते. माइकवरून, पूर्ण गांभीर्याने, ते म्हणाले:

“कोणाकडे जुना टूथब्रश असंल तं द्या जी.”